जिवाणूची साखर आणि ओळखीचा माणूस : कॉन्ज्युगेट लसींची गोष्ट

कुणी लोकलमध्ये उभं असेल, कुणी एसटीच्या खिडकीत बसलं असेल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असेल. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. "ताई, बाळाच्या लसीत साखर असते म्हणे. मग एवढ्याशा जिवाला ती कशाला टोचायची?" आधी मला हसू आलं, मग वाटलं, प्रश्न चांगला आहे. कारण काही लसींमध्ये खरंच साखर असते आणि तीच त्या लसीतली महत्त्वाची गोष्ट असते. पण ती आपल्या चहातली साखर नव्हे. ती जिवाणूच्या अंगावरची साखर असते. आजचा विषय हाच.

हलव्याचा दाणा

संक्रांतीचा काटेरी हलवा आठवा. आत एक तीळ किंवा खसखशीचा दाणा, आणि त्याच्यावर पाकाचे थरावर थर. शेवटी दिसतो तो फक्त पांढरा काटेरी गोळा. आतला तीळ दिसतच नाही.

काही जिवाणू अगदी असेच असतात. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस, मेंदूज्वर करणारा मेनिंगोकॉकस, लहान मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया दोन्ही देणारा हिब, आणि आपल्या चांगल्याच ओळखीचा टायफॉइडचा साल्मोनेला टायफी. या सगळ्यांच्या अंगावर साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचं कवच असतं. एकच तुकडा किंवा दोन-चार तुकड्यांचा एकच गट पुन्हा पुन्हा जोडून बनलेली साखळी. शास्त्रज्ञ तिला पॉलिसॅकराइड म्हणतात, पाठ्यपुस्तकात बहुशर्करा. आपण सरळ साखर म्हणू.

या कवचाचा जिवाणूला फायदा काय? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवाणूला पकडून गिळतात. पण कवच असेल तर पकड बसत नाही, जिवाणू निसटतो. मात्र त्या साखरेवर चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शरीरात तयार असतील, तर चित्र बदलतं. प्रतिपिंडं त्या कवचाला मुठीसारखी चिकटतात, पांढऱ्या पेशीला धरायला जागा मिळते, आणि जिवाणूचा खेळ संपतो.

म्हणजे सोपं झालं ना? जिवाणूची साखर काढायची, शुद्ध करायची आणि लस म्हणून टोचायची. शरीर प्रतिपिंडं बनवेल. अशा लसी बनल्यासुद्धा, आणि मोठ्या माणसांमध्ये त्या बऱ्यापैकी चालतात. घोडं अडलं ते बाळांपाशी.

फिनलंडमधला धडा

१९७४ साली फिनलंडमध्ये मेंदूज्वराची साथ होती. तिथे सुमारे १ लाख लहान मुलांवर मोठी चाचणी झाली. अर्ध्या मुलांना हिबच्या साखरेची लस आणि बाकीच्यांना मेनिंगोकॉकसच्या ए गटाच्या साखरेची लस. हिबच्या लसीचा निकाल असा लागला, की साधारण १८ महिन्यांपेक्षा मोठ्या मुलांना संरक्षण मिळालं, त्याहून लहान बाळांना मिळालं नाही.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाही, वाईट गोष्ट आहे. हिबचा मेंदूज्वर सगळ्यात जास्त होतो तो याच वयात, म्हणजे दीड-दोन वर्षांच्या आत. ज्याला गरज सगळ्यात जास्त, त्यालाच लस लागू पडत नाही.

असं का होतं? इथे दोन मिनिटं लक्ष द्या, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

प्रतिपिंडं बनवतात त्या बी पेशी. पण बी पेशी सहसा एकटीच्या जिवावर मोठं काम हाती घेत नाही. तिला टी पेशीची परवानगी लागते. टी पेशी म्हणजे ऑफिसातला सही करणारा साहेब. सही मिळाली तर बी पेशी जोरात वाढते, चांगल्या प्रतीची प्रतिपिंडं बनवते, आणि मुख्य म्हणजे आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे ठेवते. पुढे पाच-दहा वर्षांनी तोच जिवाणू आला तर त्या लगेच कामाला लागतात.

अडचण अशी, की या साहेबाला फक्त प्रथिनांची भाषा वाचता येते. बी पेशी प्रथिन गिळते, त्याचे तुकडे करते आणि तुकडा आपल्या अंगावर मांडून टी पेशीला दाखवते. साखरेचा असा तुकडा सहसा दाखवता येत नाही. कागद बरोबर आहे, पण साहेबाला लिपीच कळत नाही, तर सही कशी होणार?

मोठ्या माणसांत काही बी पेशी सहीशिवायही थोडंफार काम करतात. साखरेच्या साखळीत एकच नक्षी शेकडो वेळा येत असल्यामुळे त्या जाग्या होतात. पण या पेशी ज्या भागात असतात, तो प्लीहेचा भाग बाळांमध्ये साधारण दोन वर्षांपर्यंत पुरता तयारच झालेला नसतो. म्हणून बाळाला नुसती साखर टोचली की शरीर ढिम्म. आणि मोठ्यांतसुद्धा आठवण राहत नाही. काही वर्षांत असर उतरतो आणि पुन्हा डोस घ्यावा लागतो.

ओळखीचा माणूस

आपल्याकडे सरकारी कचेरीत काम अडलं की पहिला प्रश्न काय असतो? "ओळखीचं कुणी आहे का?" एकट्या अर्जाकडे कुणी बघत नाही. ओळखीचा माणूस सोबत आला की तोच अर्ज पुढे सरकतो.

लसीत नेमकं हेच केलं. साखरेला एका प्रथिनाशी पक्कं जोडून टाकलं. नुसतं मिसळून चालत नाही हं, रासायनिक बंधानं जोडावं लागतं. मग साखर ओळखणारी बी पेशी साखर गिळायला जाते, तर तिच्या शेपटीला बांधलेलं प्रथिनही आत येतं. बी पेशी त्या प्रथिनाचे तुकडे मांडते, टी पेशी ते वाचते आणि सही ठोकते. सही झाली प्रथिनाच्या नावावर, पण काम झालं साखरेचं! कारण ती बी पेशी प्रतिपिंडं बनवते ती साखरेविरुद्ध.

या जोडलेल्या लसीला म्हणतात कॉन्ज्युगेट लस. जे प्रथिन ओळखीचा माणूस म्हणून सोबत जातं, त्याला म्हणतात कॅरियर, म्हणजे वाहक. हे वाहक कोण असतात? बऱ्याचदा धनुर्वाताच्या विषाचं निर्विष केलेलं रूप, म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइड. किंवा घटसर्पाचं. घटसर्पाच्या विषाचं एक रूप आहे, सीआरएम १९७ नावाचं. त्यात अख्ख्या प्रथिनात फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि तेवढ्यानं त्याचा विषारीपणा जातो. एका अक्षरानं अर्थ बदलावा तसं.

ही कल्पना आजकालची नाही बरं का. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल हायडेलबर्गर आणि ओस्वाल्ड एव्हरी यांनी १९२३ साली दाखवलं, की न्यूमोकॉकसचं कवच साखरेचं असतं. तोवर लोकांना वाटायचं, शरीर फक्त प्रथिनांनाच ओळखतं. मग १९२९ मध्ये एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी साखर प्रथिनाला जोडून सशांना टोचली आणि सशांनी साखरेविरुद्ध प्रतिपिंडं बनवली. डीएनएवरच्या कामासाठी ज्यांचं नाव आपण ऐकतो, तेच हे एव्हरी.

मग पन्नास वर्षं काय झालं? पेनिसिलिन आलं. सगळ्यांना वाटलं, आता गोळ्या-इंजेक्शनं आहेत, लस कशाला? १९४० च्या दशकात बाजारात आलेली न्यूमोकॉकसच्या साखरेची लससुद्धा पुढे विकणं बंद झालं. अँटिबायोटिक आहे ना, मग कशाला काळजी! हे वाक्य आजही आपल्या घराघरात ऐकू येतं, आणि त्याची किंमत आपण मोजतोय. त्यावर येतेच.

एव्हरींचा धागा पुन्हा उचलला तो अमेरिकेत जॉन रॉबिन्स आणि रेचल श्नीरसन यांनी, आणि दुसरीकडे डेव्हिड स्मिथ आणि पोर्टर अँडरसन यांनी. दोन्ही जोड्यांनी हिबच्या साखरेला प्रथिन जोडलं. १९८७ साली अमेरिकेत हिबची पहिली कॉन्ज्युगेट लस मंजूर झाली आणि १९९० पासून ती दोन महिन्यांच्या बाळांना मिळू लागली. त्याआधी तिथे दरवर्षी पाच वर्षांखालच्या सुमारे २० हजार मुलांना गंभीर हिब व्हायचा. तो ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाला. या चौघांना १९९६ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

पुण्यातून आफ्रिकेत

आता आपल्या जवळची गोष्ट. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे, त्याला मेंदूज्वराचा पट्टाच म्हणतात. कोरडा वारा, धूळ, आणि दर काही वर्षांनी मेनिंगोकॉकस ए ची साथ. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचा बहिरेपणा आला.

नुसत्या साखरेची लस तेव्हाही होती. साथ आली की धावपळ करून टोचायची. पण बाळांना लागू नाही, टिकत नाही, आणि घशात दडलेला जिवाणू जात नाही, त्यामुळे साथ थांबत नाही. कॉन्ज्युगेट लस हवी होती. पण श्रीमंत देशांत ए गटाचा त्रासच फारसा नव्हता, मग बनवणार कोण?

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ नावाची संस्था यांनी मिळून प्रकल्प सुरू केला, गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले. आफ्रिकी देशांनी स्पष्ट सांगितलं, डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी, नाहीतर आम्हाला परवडणार नाही. या भावात काम घेतलं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं. साखर आणि प्रथिन जोडायची सुधारित पद्धत आली अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून. वाहक होतं टिटॅनस टॉक्सॉइड, जे पुण्यात आधीपासून भरपूर बनत होतंच.

६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये १ ते २९ वर्षांच्या लोकांना ही लस, मेनआफ्रिव्हॅक, द्यायला सुरुवात झाली. पुढे त्या पट्ट्यात ३० कोटींहून जास्त लोकांनी ती घेतली. आणि २०१७ नंतर तिथे ए गटाच्या मेंदूज्वराची एकही खात्रीशीर केस नोंदलेली नाही.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांनी लस घेतली नाही, तेही वाचले. कारण कॉन्ज्युगेट लस घशातला जिवाणूच कमी करते. तुमच्या घशात तो नसेल, तर तुम्ही शेजारच्याला देणार कुठून? नुसत्या साखरेच्या लसीला हे जमत नव्हतं.

अर्थात एक गट गेला म्हणून बाकीचे गप्प बसत नाहीत. म्हणून मग पाच गटांविरुद्धची लस आली, तीही पुण्यातूनच, आणि २०२४ मध्ये ती सगळ्यात आधी नायजेरियानं वापरायला घेतली.

आणि नवी मुंबई

आता टायफॉइड. म्हणजे विषमज्वर. तुमच्या ग्रुपमध्ये निदान एक जण असेलच, ज्याची बारावीची परीक्षा नाहीतर पहिली नोकरी टायफॉइडमध्ये गेली.

टायफॉइडच्या जिवाणूच्या कवचाला व्हीआय म्हणतात. व्हीआयच्या नुसत्या साखरेची लस कितीतरी वर्षं बाजारात आहे. पण ती दोन वर्षांवरच्यांनाच, आणि साधारण तीन वर्षांनी पुन्हा घ्यायची. रॉबिन्स आणि श्नीरसन यांच्याच गटानं व्हीआय एका प्रथिनाला जोडून व्हिएतनाममध्ये २ ते ५ वर्षांच्या मुलांवर चाचणी केली. २००१ साली निकाल आला, संरक्षण ९० टक्क्यांच्या वर.

पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकनं व्हीआय टिटॅनस टॉक्सॉइडला जोडून लस बनवली. २०१३ मध्ये तिला भारतात परवानगी मिळाली. सहा महिन्यांच्या बाळालाही ती देता येते. नंतर नेपाळ, मलावी आणि बांगलादेशातल्या मोठ्या चाचण्यांमध्ये तिनं साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त संरक्षण दिलं.

आणि सरकारी पातळीवर ही लस मोहीम काढून जगात सगळ्यात आधी कुणी दिली, माहितीये? नवी मुंबई महानगरपालिकेनं. २०१८ च्या पावसाळ्यात, ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांना. पहिल्या टप्प्यात लाखाहून जास्त मुलांनी ती घेतली. पुढच्या वर्षी पाकिस्ताननं सिंध प्रांतापासून सुरुवात करून ती नेहमीच्या लसीकरणात आणली.

सिंधच का? कारण २०१६ पासून तिथे असा टायफॉइड पसरला, ज्यावर नेहमीची जवळजवळ सगळी औषधं चालेनाशी झाली. तोंडानं घ्यायच्या गोळ्यांमध्ये भरवशाचं एकच औषध उरलं, अझिथ्रोमायसिन. तेच अझिथ्रोमायसिन, जे आपण सर्दी झाली की मेडिकलवाल्याकडून तीन गोळ्यांची पट्टी आणून खातो. म्हणून मघाशी म्हटलं, "अँटिबायोटिक आहे ना" या वाक्याची किंमत आपण मोजतोय.

माझ्या मामेबहिणीनं मला फोन करून विचारलं होतं, "डॉक्टर टायफॉइडची लस घ्या म्हणतायत, मुलगी नऊ महिन्यांची आहे. एवढ्या लवकर कशाला? शाळेत जायला लागली की देऊ." मी तिला हीच हलव्याची आणि साहेबाच्या सहीची गोष्ट सांगितली. पूर्वीची लस दोन वर्षांनंतरच द्यायचे, म्हणून घरातल्या मोठ्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण आता ओळखीचा माणूस सोबत आहे. थांबायचं कारण उरलेलं नाही.

मग साखरच वाहक झाली तर?

आता थोडं पुढचं. एकच ओळखीचा माणूस दहा जणांच्या अर्जासोबत गेला तर काय होईल? साहेब कंटाळेल. लसीतही कधीकधी असं होतं. टिटॅनसचं प्रथिन शरीराला आधीच खूप ओळखीचं असेल, तर सगळा जोर त्या प्रथिनाविरुद्धच जातो आणि साखरेला कमी प्रतिसाद मिळतो. नेहमी नाही, पण काही लसींमध्ये हे दिसलंय. म्हणून नवे वाहक शोधणं चालू आहे.

आणि यातला एक शोध मोठा मजेशीर आहे. मघाशी मी म्हटलं, टी पेशीला साखर वाचता येत नाही. "सहसा" म्हटलं, ते मुद्दाम. आपल्या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या जिवाणूची एक साखर आहे. तिच्यावर धन आणि ऋण दोन्ही विद्युतभार असतात. हार्वर्डच्या डेनिस कॅस्पर यांच्या गटानं दाखवलं, की ही साखर पेशीत जाते, तिचे तुकडे होतात आणि ते टी पेशीसमोर मांडलेही जातात. म्हणजे ही साखर स्वतःच ओळखीचा माणूस होऊ शकते! त्यानंतर संशोधकांनी तिला वाहक म्हणून वापरून प्रयोग केले. दुसरीकडे कोळंबीच्या सालांपासून मिळणाऱ्या कायटोसान या साखरेच्या कणांत लस भरून नाकातून द्यायचेही प्रयोग झालेत. कोकणातल्या मंडळींनी नोंद घ्यावी, सालं फुकट जात नाहीत.

पण हे सगळं अजून संशोधनाच्या पातळीवरचं. आज आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या कॉन्ज्युगेट लसींमध्ये साखर हा प्रवासी आणि प्रथिन हे वाहन, हेच समीकरण आहे.

घरी न्यायच्या चार गोष्टी

एक. घरात बाळ असेल तर लसीकरणाचं कार्ड काढून बघा. पेंटा लस ६, १० आणि १४ आठवड्यांना. त्यातला एक भाग हिब. पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना, मग ९ महिन्यांना बूस्टर. ही न्यूमोकॉकसची. दोन्ही कॉन्ज्युगेट, दोन्ही सरकारी केंद्रात मोफत. डोस राहिला असेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा, लाजू नका.

दोन. टायफॉइडची लस घेणार असाल तर डॉक्टरांना विचारा, "ही कॉन्ज्युगेट आहे का?" एवढा एकच शब्द लक्षात ठेवा. खोक्यावर बऱ्याचदा टीसीव्ही असं लिहिलेलं असतं.

तीन. लस घेतली म्हणजे रस्त्यावरचं कसलंही पाणी प्यायला मोकळे, असं नाही. पॅराटायफॉइड ए नावाचा भाऊबंद जिवाणू आहे. त्याच्या अंगावर व्हीआयचं कवच नसतंच, त्यामुळे ही लस त्याला ओळखत नाही. पाणी उकळून, हात धुऊन, हे आहेच.

चार. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या एकमेकांना वाटू नका. ताप तीन-चार दिवस हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा, आणि दिलेला कोर्स पूर्ण करा.

बाळाच्या मांडीला इंजेक्शन दिलं की ते दोन मिनिटं रडतं, आणि आईचे डोळेही भरतात. त्या दोन मिनिटांमागे सशांपासून पुण्यापर्यंतची शंभर वर्षांची मेहनत आहे. ती फुकट घालवू नये, एवढंच माझं म्हणणं.

हा भाग आवडला तर ज्यांच्या घरी छोटं बाळ आहे अशा एका तरी मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा. प्रश्न असतील तर नेहमीसारखे मेसेज करा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, पाणी उकळून प्या!